मला पहिल्या खुर्चीत का बसवलंत, शीलाताई?

शीलाताई, तुमच्या अंत्ययात्रेला सगळं लखनौ लोटलं होतं, असं मी मंगळवारपासून चौघांना सांगून बसलोय. पाचवा भेटला तेव्हा मी हजरतगंजची वाहतूकही बंद पाडणार होतो, पण तेवढ्यात तुमचा चेहरा आठवला. भुवई वर नाही, ओठ मिटलेले, फक्त मान जराशी डावीकडे कललेली. 'मोजले का जी तुमी?' असं विचारायच्या आधीचा चेहरा. मोजले होते. त्रेसष्ट माणसं होती. त्यात चार मुलं व्हीलचेअरवर. एक कुत्रंही शेवटपर्यंत आलं, पण ते कोणाबरोबर होतं हे कळेना, म्हणून धरलं नाही.

बघा, अजून तुमचा धाक आहे.

तुम्ही नागपूरच्या मेश्राम, मी साताऱ्याचा थोरात. मी रेल्वेत इंजिनीअर म्हणून इकडे आलो, निवृत्त झालो आणि वृंदावन योजनेत घर घेऊन पेपर वाचत बसलो. तुम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जानकीपुरमला. सरकारी शाळांतल्या दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षिका, दर वर्षी नव्याने करारावर. आपली गाठ कधी पडायचं कारणच नव्हतं. पडली ती माझी नात ओवी हिच्यामुळे. ती तेव्हा सहा वर्षांची. उजवा हात नि उजवा पाय जन्मापासून ताठर, आणि शब्द तोंडाशी येऊन रांग लावल्यासारखे उभे राहायचे, एकेक करून बाहेर पडायचे. शाळेने सांगितलं, मेश्राम मॅडम येतात गुरुवारी, त्यांना दाखवा.

दाखवायला आणली तर तुम्ही सरळ जमिनीवर बसलात. ओवीसमोर. बोलेचनात. मी घड्याळ लावून बसलो, रेल्वेची सवय. एक मिनिट, सात मिनिटं, अकरा मिनिटं. ना खेळणं, ना चित्राचं पुस्तक, ना 'बेटा नाम बताओ'. उभ्या आयुष्यात मी एवढी शांतता कधी सोसली नव्हती. आमच्या घरात तर फ्रिजसुद्धा माझ्याशी बोलतो. शेवटी न राहवून मी तुम्हाला माझी बिबट्याची गोष्ट सांगायला घेतली. बाराबंकीच्या पुढे, जानेवारीतलं ते दाट धुकं, मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बिबट्या चढून बसलेला, आणि मी एकट्याने त्याला हिरवी झेंडी दाखवून रानात परत पाठवला, ती.

तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "झेंडी कोन्त्या हातात होती?"

"उजव्या."

"अन् एवढ्या धुक्यात त्याले झेंडी दिसली कशी जी?"

ओवी हसली. परक्या माणसासमोर ती कधी हसत नसे. खुदकन हसली, मग हसतच राहिली, तोल जाऊन भिंतीला टेकेपर्यंत. तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत. मी मान लांब करून वाचलं. 'आजोबांची थाप ओळखते. वेळेवर हसते.'

त्या अकरा मिनिटांत तुम्ही काय बघत होतात, हे मी तुम्हाला पुढे किमान पाचशे वेळा विचारलं. बरं, वीस वेळा. दर वेळी तुम्ही म्हणायचात, "मी कुठं पाहत होती, तेच मले पाहून राहिली होती." मला ते उत्तर कधी पटलं नाही. इंजिनीअर माणूस मी, काही मोजलं असेल तर कशाने मोजलं ते मला कळायला हवं.

तुमच्या वहीला सरकारदरबारी किंमत नव्हती. किंमत होती मूल्यांकन केंद्राच्या कागदाला. तो कागद असेल तरच पायाला आधाराचे बूट, बसायला वेगळी खुर्ची, परीक्षेत जादा वेळ. कागद नाही तर मूल नाही. आणि कागदासाठी आरोग्य खातं म्हणायचं आधी शिक्षण खात्याचं पत्र आणा, शिक्षण खातं म्हणायचं आधी आरोग्य खात्याचा शिक्का आणा. नवाब गेले, पण त्यांचं 'पहले आप' या दोन खात्यांनी जिवापाड जपून ठेवलं आहे.

आमच्या नऊ फेऱ्या झाल्या. एकदा फोटो चालला नाही, कारण त्यात ओवी बसली होती आणि तिचा पाय दिसत नव्हता. पाय दिसेल असा काढून नेला, तर तोंड लहान आलं म्हणून परत. एकदा डॉक्टर निवडणुकीच्या कामाला, एकदा संगणक बंद. एकदा बिचारी पोर चार तास वाट पाहून माझ्या मांडीवर झोपली, तर आतून निरोप आला, "बच्ची को जागती हुई लाइए।" नवव्या फेरीला एकदाचं मूल्यांकन झालं. चार मिनिटं. डॉक्टरांनी विचारलं, "घर में कौन-कौन है?" ओवीचे शब्द रांगेत उभे राहिले. पहिला शब्द दारात येईस्तोवर डॉक्टरांनी लिहूनही टाकलं होतं, 'समझ सीमित'. मराठी, हिंदी आणि शाळेतलं इंग्रजी समजणारी पोर. माझ्या थापा पकडणारी पोर! घरी येऊन तिने तो कागद स्वतः वाचला. आम्ही लपवायच्या आधी.

मी केंद्र पेटवून द्यायच्या गोष्टी करत होतो. तुम्ही शांतपणे वही काढलीत आणि विचारलंत, "किती फेऱ्या झाल्या? सांगा. एकेक."

तुमच्याकडे सगळ्यांच्या फेऱ्या लिहिलेल्या होत्या. निशातगंजच्या रुखसानाबाजींची सना, जिला ऐकू येत नाही, तिच्या चौदा. शिवणकाम सोडून त्या चौदा वेळा लेकीला घेऊन गेल्या होत्या. पण केंद्राचे साहेब वरती लिहून कळवायचे की प्रत्येक मुलाचं काम एकाच फेरीत होतं. तुमची वही त्यांच्या लेखी घरगुती. खरा पुरावा केंद्राचं येण्याजाण्याचं रजिस्टर. ते तुम्ही माहितीच्या अधिकारात मागितलंत, तर उत्तर आलं, रजिस्टर जिल्दसाज़ीला गेलं आहे. म्हणजे बाइंडिंगला. सहा महिन्यांनी विचारलंत, तरी बाइंडिंगलाच. दोन वर्षं! दोन वर्षांत माणूस ताजमहालाला जिल्द घालेल.

आणि मग आमदारांची समिती आली. विधानसभेत कुणी प्रश्न विचारला, कुणी आरडाओरडा केला, शेवटी दोन्ही बाजूंच्या सात आमदारांना सांगण्यात आलं की या मुलांच्या मूल्यांकनाची चौकशी करा, पालकांचंही ऐका. तुम्ही पालक जमवलेत. रविवारी दुपारी जानकीपुरमच्या तुमच्या घरी आम्ही पाच जण, चार आया आणि मी. तुम्ही तर्री-पोहे केले होते, ती तर्री एवढी जहाल की माझा चष्मा वितळला. (काढून ठेवावा लागला.) तुमचा नियम एकच. "जेवढं सोता पाहिलं, तेवढंच सांगाचं. एक दाणा जास्त नाही." रुखसानाबाजी घाबरलेल्या. त्यांना तुम्ही तीनदा म्हणायला लावलंत, "चौदह बार।" मला किती वेळा? आठवा. मी मोजलंय. नऊ वेळा 'नऊ' म्हणायला लावलंत.

"थोरातसाहेब, किती?"

"नऊ."

"अजून एकदा."

"नऊ, बाई, नऊ!"

"आवाज नका चढवू, आकडा पन चढते मंग तुमचा."

सुनावणीच्या सकाळी तुम्ही मला सांगितलंत की सगळ्यात आधी मी बोलायचं. पहिल्या खुर्चीत बसवलंत. तुम्ही माझ्या मागे बसलात.

दालन थंडगार. पाण्याच्या छोट्या बाटल्या, काजूच्या बशा. समोर सात आमदार, डाव्या बाजूला केंद्राचे प्रभारी साहेब आणि त्यांचे कारकून. मी शिकवल्याबरहुकूम सुरुवात केली. "मेरी पोती है, नाम ओवी।" अध्यक्षांनी फोन काढला. दुसऱ्या एका आमदारांनी काजू निवडायला घेतले, अख्खे एकीकडे, पाकळ्या एकीकडे. मी कागद, फोटो, झोपलेली पोर, सगळं खरंखुरं सांगितलं. अध्यक्ष फोनकडे बघून गालात हसले. ताई, गोष्ट सांगणाऱ्या माणसाला ऐकणारा सुटला की लगेच कळतं. पतंगवाल्याला मांजा सैल पडलेला कळतो तसं. बोटांत कळतं.

त्यांतल्या एकट्या बाई आमदारांनी विचारलं, "कितनी बार जाना पड़ा आपको?"

मी तोंड उघडलं. जीभ नऊच्या जागेवर नेऊन ठेवली होती. बाहेर आलं, "सैंतालीस।"

फोन टेबलावर उपडा पडला! काजू निवडणारा हात थांबला. सात जोडी डोळे माझ्यावर. मग काय, मी थांबतो होय? डॉक्टरांनी ओवीला खिडकीतून पाहिलं, तेही चहा पिता पिता. चाळिसाव्या फेरीला केंद्राच्या पहारेकऱ्याने मला स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, म्हणाला, "चचा, आप तो घर के आदमी हैं।" पाठीमागे तुमची खुर्ची करकरली. मला वाटलं, तुम्ही खूश होऊन सरसावून बसलात.

"झूठ!" प्रभारी साहेब ताडकन उठले. "सर, सरासर झूठ! सैंतालीस?" त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने पायाजवळच्या पिशवीतून लाल कापडी पाठीचं जाडजूड रजिस्टर काढलं आणि धाडकन टेबलावर टाकलं. तेच. दोन वर्षं बाइंडिंगला गेलेलं. शिवण अजून उसवलेलीच होती.

"नौ!" साहेब पानावर बोट आपटत म्हणाले. "कुल नौ बार आए हैं, सर। तारीख़ समेत लिखा है। ये देखिए।"

सगळे हसले. अध्यक्ष तर पोट धरून. "चचा, रेलवे में थे न आप? वहाँ तो सब लेट होता है, आप इतना आगे कैसे निकल गए?"

माझे कान तापले. रेल्वेचा अपमान मी एरवी सहन करत नाही, पण तेव्हा केला. शेजारी रुखसानाबाजींनी ओढणीचा बोळा करून मुठीत धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं: आता आपल्या चौदावरही हे असेच हसणार.

आणि तुम्ही उभ्या राहिलात. आवाज अगदी नेहमीचा, पहिलीच्या वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"सर, एक बात पूछूँ? नौ भी क्यों?"

कुणाला काही कळलं नाही.

"साहब ने समिति को लिखकर दिया है कि हर बच्चे का काम एक बार में हो जाता है। अब साहब ख़ुद दिखा रहे हैं, नौ बार। तारीख़ समेत।"

अध्यक्षांनी चष्मा लावला, आधी लेखी उत्तर वाचलं, मग हात पुढे केला. "रजिस्टर इधर दीजिए।" प्रभारी साहेबांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. लहान मुलाला इंजेक्शनला न्यायची वेळ आली की आई धरते ना, तसं. कारकुनानेच हळूच सोडवून पुढे दिलं. तेवढ्यात रुखसानाबाजी, ज्यांच्या तोंडून घरी 'चौदह' सुद्धा धड निघत नव्हतं, त्या खणखणीत म्हणाल्या, "हमारी सना का भी देख लीजिए, साहब।"

अध्यक्षांनी पानं उलटली. बोटाने मोजलं. स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "चौदह।"

पुढचा अर्धा तास सात आमदार एका रजिस्टरात डोकी घालून बसले होते. कोण सत्तेतला, कोण विरोधातला, वरून बघणाऱ्याला ओळखू आलं नसतं. टक्कल दोन्हीकडे सारखंच.

बाहेर व्हरांड्यात मी छाती काढून उभा राहिलो. म्हटलं, आता मेश्रामबाई निदान एकदा तरी म्हणतील, वा थोरात. तुम्ही आलात आणि म्हणालात, "तुमच्यासंगं बोलाचं नाही मले."

"अहो, रजिस्टर निघालं की बाहेर!"

"अन् नसतं निघालं तं? तो मानूस चूप बसला असता, सत्तेचाळीस तसंच कागदावर गेलं असतं, तं? उद्या कोनी मोजलं असतं. मंग या साऱ्या मायांना खोटं पाडलं असतं, एका तुमच्यासाठी. रुखसानाकडे पाहिलं का तुमी? थरथरत होती ते."

"नऊ म्हणालो असतो तर त्या बाबाने फोनसुद्धा खाली ठेवला नसता!"

"मंग फोन खाली ठेवाले सांगाचं. आकडा काहून वर न्याचा?"

यावर मी नंतर घरी सतरा उत्तरं तयार केली, सगळी एकापेक्षा एक. पण दोन महिने तुम्ही फोन उचलला नाहीत. दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात आलं की एका वृद्धाने समितीपुढे अतिशयोक्ती केली. रजिस्टरची बातमी त्याखाली, लहान टायपात. आणि महिनाभरात तुम्हाला जिल्ह्याच्या पार टोकाच्या शाळा दिल्या गेल्या. दोन टेम्पो बदलून, पुढे पायी. सुनावणीचा आणि त्या बदलीचा संबंध आहे की नाही, हे कुणीच बोललं नाही, तुम्ही तर नाहीच. दोन महिन्यांनी अचानक तुमचा फोन आला. ना रामराम, ना रागराग. "ओवीच्या बुटाचं माप पाठवा." मी पाठवलं. माफी मागायची राहिली. त्या दिवशी मापाबरोबरच मागायला हवी होती, पण मी आपला तुम्हाला बूट बनवणाऱ्याची एक भन्नाट गोष्ट सांगत बसलो.

समितीचा अहवाल यायला काळ गेला, त्यातून आदेश निघायला आणखी काळ. पण निघाला. आता मूल्यांकन मुलाच्या शाळेतच व्हायचं. एकाच फेरीत. डॉक्टरांच्या शेजारी त्या मुलाला ओळखणारी शिक्षिका बसणार आणि तिच्या नोंदी कागदाला जोडल्या जाणार. म्हणजे तुमची घरगुती वही सरकारी झाली, ताई. ओवीचा जुना कागदही पुन्हा तपासायचा आहे. पहिल्या शिबिराची तारीख लागली, आणि मंगळवारी सकाळी शाळेला निघता निघता, चपला घालायला बसलात त्या तिथेच तुम्ही गेलात.

रविवारी तुमच्या घरी पुण्यानुमोदन झालं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. भन्तेजींनी पंचशील सांगायला सुरुवात केली, आम्ही मागून म्हणत होतो. मी पहिली तीन शीलं मोठ्या आवाजात म्हटली, त्यात मला कधी फारशी अडचण नव्हती. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे. मी खोकून घेतलं. शेजारी रुखसानाबाजी उभ्या होत्या, त्यांना पाली कशी येणार, पण माझ्याकडे बघून त्यांनी जे ओठ दाबले त्यावरून कुठलं शील चाललंय ते त्यांना बरोबर कळलं होतं.

नंतर तुमच्या प्रज्ञाने तुमच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "अंकल, मम्मी का सामान है, आप देख लीजिए, मुझे मराठी पढ़ने में टाइम लगता है।" त्यात सुनावणीच्या तयारीचं पान निघालं. कुणी कितवं बोलायचं त्याची यादी. निळ्या शाईत. रुखसानाबाजी पहिल्या, आणि मी पाचवा, अगदी तळाला. मग लाल शाईने माझं नाव खोडलेलं आणि तिथून एक बाण थेट वर, पहिल्या क्रमांकाच्याही वर नेलेला. बाणाची रेघ दोनदा गिरवलेली आहे. मी भिंगाखाली बघितली.

का, ताई?

एक शक्यता अशी की आया घाबरल्या होत्या, मी बोलघेवडा, मी आधी बोललो की त्यांची भीती मोडेल. साधी गोष्ट. पण मग आधी तळाला का ठेवलंत? दुसरी शक्यता मी कुणाला सांगितलेली नाही. जी बाई अकरा मिनिटांत माझ्या नातीला काय काय कळतं ते ओळखते, तिने तीन वर्षांत मला ओळखलं नसेल? ज्या रजिस्टरासाठी तुम्ही दोन वर्षं अर्ज केलेत ते खऱ्याने बाहेर निघणार नव्हतं. कुणीतरी एवढं मोठं खोटं बोलायला हवं होतं की ते खोडायला साहेबांनी स्वतःच पिशवी उघडवावी. आणि एवढं मोठं खोटं बोलणारा तुमच्या ओळखीत एकच होता. खरं सांगा, मला नऊ वेळा 'नऊ' म्हणायला लावलंत ते नऊ पक्कं व्हावं म्हणून, की माझी जीभ त्या नऊला विटावी म्हणून?

तसं असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. उलट अभिमान आहे. लखनौतल्या सगळ्यात खऱ्या बाईने सगळ्यात थापाड्या माणसाला कामाला लावलं, ही गोष्ट मी जन्मभर सांगेन. पण मग ते दोन महिने? राग खरा होता की माझ्यावरचा नव्हताच, स्वतःवरचा होता? मी प्रज्ञाला विचारलं, सुनावणीच्या दिवशी आई घरी आली तेव्हा कशी होती.

ती विचार करून म्हणाली, "किचन में थीं। मेरी तरफ़ पीठ थी। कंधे हिल रहे थे।"

"हसत होती की रडत होती?"

"वही तो पता नहीं चला, अंकल।"

घ्या. एवढ्या मोठ्या चौकशीतला एकमेव साक्षीदार, आणि तोही पाठमोरा.

ओवी आता अकरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आमचं बरं चाललंय. रविवारी परतताना टेम्पोत मी तिला विचारलं, की पहिल्या दिवशी मॅडम जमिनीवर बसून तुझ्यात एवढं काय बघत होत्या गं? तिचे शब्द रांगेत लागले. मी थांबलो. टेम्पोवाला वळणावर 'कहाँ उतरना है' विचारत होता, त्यालाही थांबवलं.

"देख नहीं रही थीं, आजोबा," ती म्हणाली. "रुकी हुई थीं। मेरे लिए।"

तुम्ही एवढी वर्षं टाळलेलं उत्तर तिने तीन वाक्यांत दिलं, आणि तुम्ही म्हणायचात तेच ते होतं, फक्त मला ऐकू येत नव्हतं. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले. तेही राहिलंच.

काल पहिलं शिबिर झालं. वृंदावन योजनेतल्याच शाळेत. ओवीचा नंबर पुढच्या खेपेला, पण मी सकाळी आठलाच गेलो. तुमची जागा बघायला म्हणा. तिथे एक तरुण शिक्षिका बसली होती, समोर वही. डॉक्टरही तरुण. दाराशी एक आई पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन सकाळपासून उभी. माझे पांढरे केस बघून तिने मला कुणीतरी साहेबच समजलं. म्हणाली, "चचा, इसके लिए कितनी बार आना पड़ेगा?"

मी म्हणालो, "एक बार।"

म्हणालो खरा, आणि घाबरलो. सत्तेचाळीस म्हणताना मला कधी भीती वाटली नव्हती. सत्तेचाळीस कुणाला खरं करून दाखवावं लागत नाही. हा 'एक' मात्र संध्याकाळपर्यंत खरा व्हायला हवा होता. मी खुर्ची ओढून दारातच बसलो. एक वाजता डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बाक़ी लोग अगले हफ़्ते।" बाकी लोक म्हणजे ती एकटी.

ताई, माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. समितीचे अध्यक्ष निघालेत, चौकात पोचलेत, जलेबी घ्यायला थांबलेत, दोन मिनिटांत इथे असतील. असं म्हटलं असतं तर तो पोरगेला डॉक्टर उडी मारून बसला असता. मी उभा राहिलो. म्हणालो, "डॉक्टर साहब, ये सुबह आठ बजे से खड़ी हैं। मैंने देखा है।" बस. एक दाणा जास्त नाही. म्हणून झाल्यावर मला इतकं रिकामं वाटलं की काय सांगू, थंडीत कुणी स्वेटर काढून घेतल्यासारखं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. तरुण शिक्षिका त्या मुलीची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवून बसली. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बावीस मिनिटं लागली. सगळ्यात जास्त वेळ ती मुलगी काही बोलायचीच नाही आणि ते दोघं थांबायचे यात गेला. सही झाली, शिक्का बसला. आई बाहेर आली, कागद पदराखाली धरलेला. माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "चचा, अब फिर कब आना है?"

"नहीं आना है," मी म्हणालो. "हो गया।"

तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मज़ाक मत कीजिए, चचा," असं म्हणाली, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि डॉक्टरांना विचारून खात्री करायला परत आत गेली.